डिझाइन केलेलं प्रथिन आयएल-२ रिसेप्टरला बसवून स्फटिक काढताना, आणि ती रचना वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगणकावर डिझाइन केलेलं चार हेलिक्सचं (स्प्रिंगसारख्या वळणांचं), जेमतेम शंभर अमिनो आम्लांचं एक प्रथिन आहे. आयएल-२ (इंटरल्युकिन-२, रोगप्रतिकारक पेशींना संदेश देणारं प्रथिन) ज्याला बसतं त्या रिसेप्टरच्या बीटा आणि गॅमा साखळ्यांना ते नैसर्गिक आयएल-२पेक्षा घट्ट बसतं. तिघांच्या कॉम्प्लेक्सचे (एकत्र जुळलेल्या संचाचे) स्फटिक हवे आहेत. प्लेटमागून प्लेट लावूनही एक तर काही उगवत नाही, किंवा उगवतं त्याचं डिफ्रॅक्शन (क्ष-किरणांनी मिळणारा तपशील; आकडा लहान तितका बारीक) २.८ आंगस्ट्रॉमच्या पुढे सरकत नाही. कुठे अडतंय? आणि रचना मिळालीच, तर हे प्रथिन इतकं घट्ट का बसतं, याचं उत्तर तिच्यातून निघेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर पहिल्याचं नियोजन अवलंबून आहे. एकट्या कॉम्प्लेक्सच्या रचनेतून ते उत्तर निघत नाही. कोण कुणाला कुठे टेकलंय एवढं ती दाखवते. बंध घट्ट होण्याचं कारण त्या टेकण्याच्या जागीच असेल असं नाही.

२०१२ साली प्रसिद्ध झालेला 'सुपर-२' हा आयएल-२चा बदललेला अवतार याचं चांगलं उदाहरण आहे. यीस्टच्या पृष्ठभागावर असंख्य प्रकार मांडून त्यातून तो वेचला होता. बीटा साखळीला तो नैसर्गिक आयएल-२पेक्षा सुमारे २०० पट घट्ट बसतो. त्यातले बदल ८० ते ९२ या टप्प्यातले: ८०व्या ल्युसीनच्या जागी फेनिलअॅलनीन, ८१व्या आर्जिनिनच्या जागी अस्पार्टेट, ८५ आणि ८६ या दोन्ही जागी व्हॅलीन, ९२व्या आयसोल्युसीनच्या जागी फेनिलअॅलनीन. यातले बहुतेक रिसेप्टरला शिवतही नाहीत. ते प्रथिनाच्या गाभ्यात आहेत. नैसर्गिक आयएल-२ मोकळं असताना त्याची 'सी' हेलिक्स थोडी सैल हलते, आणि रिसेप्टरची तिसरी, अल्फा साखळी जोडली गेली की बीटाला बसण्याजोग्या ठेवणीत येते. सुपर-२मध्ये गाभ्यातले बदल तीच ठेवण आधीपासून पक्की करून ठेवतात. फक्त कॉम्प्लेक्सची रचना पाहिली असती तर आंतरपृष्ठ (दोघं टेकतात ती जागा) जवळपास जुनंच दिसलं असतं आणि २०० पटींचा हिशेब लागला नसता. उलगडा झाला तो एकट्या प्रथिनाच्या रचनेवरून आणि त्याच्या हालचालीच्या सिम्युलेशनवरून.

म्हणून काम तीन रचनांचं समजा. नैसर्गिक आयएल-२ आणि रिसेप्टरच्या तिन्ही साखळ्यांची २.३ आंगस्ट्रॉमची रचना २००५पासून उपलब्ध आहे, ती पुन्हा करायची गरज नाही. तुमचं प्रथिन एकटं आणि तुमचं प्रथिन रिसेप्टरसह, या दोन रचना तुम्हाला काढायच्या आहेत. एकट्या प्रथिनाच्या प्लेट्स पहिल्या आठवड्यातच लावून टाका. डिझाइन केलेली प्रथिनं उकळत्या पाण्याजवळच्या तापमानालाही टिकतात, ई. कोलायमध्ये भरपूर बनतात आणि बऱ्याचदा सहज स्फटिक देतात. हाच स्वभाव पुढे डोकेदुखी होतो, त्याकडे येतोच.

आता अडतंय कुठे. जवळजवळ नेहमी रिसेप्टरपाशी. सगळी हुशारी डिझाइन केलेल्या प्रथिनावर खर्च होते आणि रिसेप्टर 'कुणाकडून तरी आलेला, शुद्ध आहे म्हणे' असा वापरला जातो. बीटा आणि गॅमा या दोन्ही साखळ्यांच्या पेशीबाहेरच्या भागात प्रत्येकी दोन फायब्रोनेक्टिन प्रकारची डोमेन्स (स्वतंत्र घडीचे भाग) आहेत. त्यांच्यावर एन-ग्लायकोसिलेशनच्या (साखरेच्या साखळ्या जोडल्या जाण्याच्या) अनेक जागा आहेत, आणि दोन्ही टोकांना काहीच आकार नसलेल्या शेपट्या. स्फटिकात एक रेणू शेजारच्या रेणूला टेकायचा असतो. मध्ये साखरेची हलती झुडपं असतील तर ते टेकणं होत नाही, झालं तरी ढिसाळ होतं. २.८ला अडकलेलं डिफ्रॅक्शन पुष्कळदा याचीच खूण असते.

टोकांपासून सुरुवात करा. बीटा साखळीचा प्रौढ क्रमांकाने १ ते २१४ एवढा तुकडा पुरे. पेशीपटलाजवळचा देठ ठेवू नका. हिस्टिडीनचा टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली, निकेलला चिकटणारी शेपूट) शक्यतो सी-टोकाला (साखळीच्या शेवटी), मध्ये थ्री-सी प्रोटीएझची (ठरावीक जागी कापणाऱ्या एन्झाइमची) जागा ठेवून. वजनाने १:५० ते १:१०० प्रमाणात प्रोटीएझ टाकून रात्रभर ४ अंशांवर ठेवलं की टॅग सुटतो. एन-टोकाला (साखळीच्या सुरुवातीला) टॅग लावण्याआधी ते टोक आंतरपृष्ठात जातं का, हे जरूर पाहा. सीडी-४७ आणि सर्प-अल्फा या पेशींवरच्या प्रथिनांच्या जोडीत सीडी-४७चं अगदी पहिलं अमिनो आम्ल, पायरोग्लुटामेट बनलेलं ग्लुटामीन, थेट बंधाच्या जागी बसतं. तिथे टॅग कापल्यावर उरणारी एक-दोन जादा अमिनो आम्लंसुद्धा बंध बिघडवू शकतात. तुमच्या रिसेप्टरात असा प्रकार नाही, पण सवय असलेली बरी.

पेशी कोणत्या वापरायच्या? दोन वाटा आहेत. पहिली कीटकपेशींची: बॅक्युलोव्हायरस (जनुक आत नेणारा विषाणू), हाय-फाइव्ह पेशी, स्रावासाठी जीपी-६७ सिग्नल. संसर्गानंतर ६० ते ७२ तासांत माध्यम गोळा करा. त्याहून थांबलात तर पेशी फुटतात आणि प्रोटीएझ रिसेप्टरचे तुकडे करतात. माध्यम तसंच निकेलच्या कॉलमवर ओतू नका. ते किंचित आम्लधर्मी असतं आणि त्यातले घटक निकेल ओढून घेतात, रेझिन पांढरं पडतं. आधी ट्रिस (पीएच ८) ५० मिलिमोलर, कॅल्शियम क्लोराइड ५ मिलिमोलर आणि निकेल क्लोराइड १ मिलिमोलर होईल इतकं घालून अर्धा तास ढवळा. जो गढूळ साका येतो तो सेंट्रिफ्यूजने आणि गाळून काढा, मग कॉलमला लावा. कीटकपेशींच्या साखरा आखूड असतात ही सोय, पण एक गोम आहे: हाय-फाइव्ह पेशी पहिल्या साखरेवर अल्फा-१,३ जोडणीचा फ्युकोज लावतात. असा फ्युकोज असला की पीएनजीएझ-एफ चालत नाही, आणि त्या आखूड साखरांवर एंडो-एच मुळातच निकामी (ही दोन्ही साखर कापणारी एन्झाइमं). म्हणजे नंतर साखर कापू म्हणून ही वाट धरली असेल तर फसलात.

दुसरी वाट एचईके-२९३-एस या मानवी पेशींची, ज्यांत जीएनटी-१ हे एन्झाइम नाही. त्यांच्या साखरा पाच मॅनोजवर थांबतात आणि एंडो-एच त्या व्यवस्थित कापतं; प्रत्येक जागी एक एन-असिटिलग्लुकोसअमीन उरतं. साध्या एचईके पेशींत लिटरमागे १ मिलिग्रॅम किफुनेन्सिन (साखर छाटणाऱ्या एन्झाइमला रोखणारं रसायन) घालूनही असाच परिणाम मिळतो, फक्त मॅनोज नऊ असतात. रिसेप्टरसाठी मी हीच वाट सुचवेन. एंडो-एच पीएच ५.५च्या आसपास जोरात चालतं, पण तिथे रिसेप्टर साकळत असेल तर ६.५ला रात्रभर ठेवा. हळू होईल पण होईल. जेलवर प्रत्येक कापलेल्या जागेमागे साधारण १ किलोडाल्टन घट दिसायला हवी. तीन-चार जवळजवळच्या रेषा दिसल्या तर कापणी अर्धवट आहे, आणि असा मिश्र नमुना प्लेटवर लावणं म्हणजे प्रथिन वाया घालवणं. पीएनजीएझ-एफने साखर मुळापासून काढायचा मोह आवरा: अॅस्परॅजीनचं अस्पार्टेट होतं, प्रथिनाचा भार बदलतो आणि विद्राव्यता घसरते. उरलेली ती एक साखर प्रथिनाला विरघळतं ठेवते आणि कधी कधी शेजारच्या रेणूशी चांगला संपर्कही करते. एखादी हट्टी जागा राहिलीच तर तिथे अॅस्परॅजीनऐवजी ग्लुटामीन घाला, पण एका वेळी एकच जागा बदलून उत्पादन तपासा. सगळ्या जागा एकदम बदलल्या की बहुतेक वेळा रिसेप्टर पेशीबाहेर येतच नाही.

पुढची पायरी कॉम्प्लेक्स जुळवण्याची. इथे क्रम महत्त्वाचा. गॅमा साखळी एकट्या सायटोकाइनला अगदी कमकुवत धरते. बीटा आधी बसली की तिघांचं जमतं. बीटा आणि तुमचं प्रथिन १ : १.३ मोलर प्रमाणात मिसळा, अर्धा तास थांबा, मग गॅमा घाला. लहान प्रथिन जास्त घ्यायचं कारण साधं आहे: ते ११-१२ किलोडाल्टनचं, कॉम्प्लेक्स ६०-७० किलोडाल्टनचं, त्यामुळे सुपरडेक्स-२०० या आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या कॉलमवर जादा भाग सहज वेगळा निघतो. बीटा किंवा गॅमा जादा झाली तर तिचं शिखर कॉम्प्लेक्सच्या शिखराच्या पायथ्याशी मिसळतं आणि वेगळं काढता येत नाही. बफर साधा ठेवा: हेपीस १० मिलिमोलर, पीएच ७.२ ते ७.४, मीठ १५० मिलिमोलर. फॉस्फेट नको, कॅल्शियम किंवा जस्त असलेल्या थेंबांत त्याचे सुंदर स्फटिक येतात, आणि ते मिठाचे असतात.

कॉलमवर कॉम्प्लेक्स सुटतं का, हे आधी कागदावर काढा. समजा वजन ७० किलोडाल्टन. १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे १४३ मायक्रोमोलर. कॉलमवर पातळ होऊन ते अर्धा मिलिग्रॅमवर, म्हणजे ७ मायक्रोमोलरवर येतं. बंधाचा विघटन-स्थिरांक (आकडा लहान तितका बंध घट्ट) २० नॅनोमोलर असेल तर ७ मायक्रोमोलरला जेमतेम ५ टक्के सुटं राहतं. तोच १ मायक्रोमोलर असेल तर ३१ टक्के सुटं होतं, शिखराला लांब शेपूट येते, आणि गोळा केलेल्या नळीत तिघांचं प्रमाण १:१:१ राहत नाही. पुन्हा १० मिलिग्रॅमला आणलं तरी ८ टक्के सुटंच, शिवाय निसटलेला भाग परत येत नाही. अशा वेळी कॉलम आधी करून घ्या, नंतर लहान प्रथिन थोडं जादा घालून थेट प्लेट लावा; किंवा ग्लायसीन-सेरीनच्या लवचीक दुव्याने लहान प्रथिन आणि रिसेप्टर यांना एकाच साखळीत जोडा. २०१९मध्ये आलेल्या 'निओ-२/१५' या डिझाइनचा मानवी बीटा-गॅमा जोडीशी स्थिरांक सुमारे १९ नॅनोमोलर होता, नैसर्गिक आयएल-२चा सुमारे १९०. तुमचं प्रथिन त्या पट्ट्यात असेल तर सुटण्याची चिंता नको.

प्लेटबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण बहुतेकांना ते येतं. ९६ कप्प्यांची सिटिंग-ड्रॉप प्लेट, १५० नॅनोलिटर प्रथिन, तेवढंच द्रावण, सुरुवात ८ ते १२ मिलिग्रॅमपासून. एका प्लेटला मृत आकारमानासह २० मायक्रोलिटर लागतं, म्हणजे १ मिलिग्रॅम कॉम्प्लेक्समध्ये पाच प्लेट्स होतात. दोन-तृतीयांश थेंबांत लगेच साका आला तर तीव्रता निम्मी करा; बहुतेक थेंब आठवड्यानेही स्वच्छ असतील तर दुप्पट. २० आणि ४ अंश, दोन्हीकडे लावा. सुया, बारीक भुगा, साखरेच्या दाण्यासारखं काहीही दिसलं की ते ठेचून बीज करा आणि तेच बीज सगळ्या ९६ स्थितींत पुन्हा टाका: प्रथिन ३ भाग, द्रावण २, बीज १. नव्या रसायनांच्या दहा प्लेट्सपेक्षा ही एक पायरी जास्त देते, तरी लोक ती शेवटी करतात.

काहीच हललं नाही तर लायसीनचं मिथिलीकरण करून पाहा. प्रथिन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून पातळ, हेपीसमध्ये. ट्रिस अजिबात नको, ते स्वतःच फॉर्मल्डिहाइड खातं. दर मिलिलिटरला १ मोलर डायमिथिलअमीन-बोरेन २० मायक्रोलिटर, १ मोलर फॉर्मल्डिहाइड ४० मायक्रोलिटर, ४ अंशांवर दोन तास. हेच आणखी एकदा. मग १० मायक्रोलिटर बोरेन घालून रात्रभर. प्रत्येक लायसीनमागे वस्तुमान २८ने वाढतं, मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजून घ्या. हे कॉम्प्लेक्स जुळल्यावरच करा. आंतरपृष्ठातला लायसीन आधीच मिथिल झाला तर बंधच बिघडेल, आणि कॉम्प्लेक्स आधी जुळवलं तर तो झाकलेला असल्यामुळे बहुधा वाचतो.

स्फटिक आला. आत कोण आहे? डिझाइन केलेलं प्रथिन स्वतःच स्फटिक द्यायला इतकं उत्सुक असतं की कॉम्प्लेक्सच्या थेंबातून ते एकटंच बाहेर पडतं. अतिनील प्रकाशात स्फटिक चमकला म्हणून खूश होऊ नका: चमक ट्रिप्टोफॅनची असते. डिझाइनमध्ये ट्रिप्टोफॅन नसेल आणि चमक दिसली तर रिसेप्टर आहे एवढंच कळलं. जोडीदार आहे की नाही ते नाही. चार-पाच स्फटिक उचला, त्याच द्रावणाच्या ताज्या थेंबांत तीनदा धुवा, आणि जेलवर चालवून चांदीच्या रंगाने रंगवा. तिसऱ्या धुण्याचं पाणीही शेजारच्या खणात चालवा. त्यात रेषा दिसल्या तर धुणं अपुरं झालं. मॅथ्यूज गुणांकावर (आकारमान भागिले प्रथिनाचं वजन) एकट्यावर भिस्त ठेवू नका. असममित एककाचं (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान भागाचं) आकारमान १,८०,००० घन आंगस्ट्रॉम असेल, तर ६६ किलोडाल्टनच्या कॉम्प्लेक्सची एक प्रत धरून गुणांक २.७ येतो, द्रावक ५५ टक्के. २५ किलोडाल्टनच्या एकट्या बीटाच्या दोन प्रती धरल्या तर ३.६ आणि ६६ टक्के. ग्लायकोप्रथिनासाठी दोन्ही आकडे पटण्याजोगे आहेत.

गोठवण्यासाठी मूळ द्रावणात २० ते २५ टक्के ग्लिसरॉल किंवा इथिलीन ग्लायकॉल, १० ते ३० सेकंद, मग १०० केल्विनला. बुडवल्यावर डिफ्रॅक्शन पडलं तर दोष स्फटिकाला देण्याआधी एक स्फटिक खोलीच्या तापमानाला तपासा. किरणांची मात्रा सांभाळा. ३० मेगाग्रे ही वरची मर्यादा धरली जाते, पण डायसल्फाइड बंध त्याच्या कितीतरी आधी तुटायला लागतात. रिसेप्टरच्या डोमेनमध्ये किंवा तुमच्या डिझाइनमध्ये मुद्दाम घातलेला डायसल्फाइड नकाशात तुटका दिसला, तर तो बनलाच नव्हता असं लिहिण्याआधी फक्त सुरुवातीच्या प्रतिमा वापरून नकाशा पुन्हा काढा.

आता सर्वांत घसरडी जागा. फेज (नकाशा काढायला लागणारी, थेट मोजता न येणारी माहिती) मिळवण्यासाठी मॉलिक्युलर रिप्लेसमेंट (ओळखीचं मॉडेल बसवून पाहणं) करणार, आणि हातात डिझाइनचं नेमकं मॉडेल आहे. ते आधी टाकू नका. रिसेप्टर आधी शोधा, आणि प्रत्येक साखळीची दोन डोमेन्स वेगळी करून शोधा, कारण त्यांच्यामधला कोपर काही अंशांनी फिरतो आणि अखंड मॉडेल बसत नाही. फेझर या प्रोग्राममध्ये टीएफझेड हा गुण ८च्या वर गेला की बहुधा जमलं. बीटा आणि गॅमा बसल्या की तेवढ्यावरच परिष्करण (मॉडेल मोजमापांशी जुळवणं) करा आणि फरकाचा नकाशा (मॉडेलमध्ये नसलेली घनता दाखवणारा) ३ सिग्मावर पाहा. तुमचं प्रथिन खरंच तिथे असेल, तर एकदाही मॉडेलमध्ये न घालता रिसेप्टरच्या कोपरापाशी नळ्यांसारखी घनता उभी राहिलेली दिसेल. हा नकाशा जपून ठेवा. नंतर कोणी शंका घेतली तर यासारखा पुरावा नाही. नळ्या दिसत नसतील आणि मॉडेल टाकल्यावरच 'दिसायला' लागत असतील, तर तुम्ही स्वतःचंच डिझाइन नकाशात परत वाचताय.

नळ्या दिसल्या तरी हेलिक्स नीट बसली असं नाही. हेलिक्समध्ये एक अमिनो आम्ल पुढे गेलं की उंची १.५ आंगस्ट्रॉमने वाढते आणि १०० अंशांचं वळण येतं. एकाने घसरलेलं मॉडेल कुरूप दिसतं आणि पकडलं जातं. सातने घसरलेलं पकडलं जात नाही. सात पावलांत जवळजवळ दोन पूर्ण फेरे होतात, जलविरोधी बाजू पुन्हा आतच येते, आणि डिझाइन केलेल्या हेलिक्स ल्युसीन, ग्लुटामेट, लायसीन, अॅलनीन यांच्या त्याच त्या ठेक्यावर बनलेल्या असतात. २.८ आंगस्ट्रॉमला ल्युसीन आणि ग्लुटामेटचा कंद (घनतेचा फुगवटा) सारखाच दिसतो. खूण टोकांना सापडते: एका टोकाला मॉडेल संपल्यावरही घनता उरते, दुसऱ्या टोकाला मॉडेल रिकाम्या जागेत उभं असतं. हेलिक्स उलटी तर बसली नाही ना, हेही पाहा. बरोबर बसलेल्या हेलिक्सच्या साइड चेन एन-टोकाकडे झुकलेल्या असतात, जणू फांद्या एकाच दिशेने दाबल्यासारख्या. कंद उलट बाजूला झुकलेले दिसले तर दिशा चुकली.

याचा पक्का उपाय स्वस्तात उपलब्ध आहे. लहान प्रथिन ई. कोलायमध्ये बनतं, तर ते सेलेनोमेथिओनीन (गंधकाऐवजी सेलेनियम असलेलं मेथिओनीन) घालून बनवा; रिसेप्टर आहे तसाच राहू द्या. डिझाइनमध्ये सुरुवातीचा सोडून मेथिओनीन नसेल तर दोन वेगवेगळ्या हेलिक्समध्ये एकेका ल्युसीनच्या जागी मेथिओनीन घाला आणि बंध बदलला नाही ना ते तपासा. ०.९७९ आंगस्ट्रॉम तरंगलांबीला माहिती गोळा केली की अनोमलस नकाशात (जड अणू उठून दिसतात त्या) सेलेनियमची शिखरं उभी राहतात. शिखर मेथिओनीनवर असेल तर हेलिक्स बरोबर, सात अमिनो आम्लं दूर असेल तर साडेदहा आंगस्ट्रॉमची चूक डोळ्यांसमोर आहे. या प्रयोगाला एक आठवडा लागतो. चुकीच्या रचनेवर पुढच्या फेरीची म्युटेशन्स आखण्यापेक्षा तो खूपच कमी आहे.

परिष्करणात संयम ठेवा. बदललेल्या सगळ्या जागा पहिल्या फेरीत अॅलनीनवर कापा आणि घनता बोलेल तसं वाढवा. रेझोल्यूशनची सीमा अर्ध्या-अर्ध्या संचांमधल्या सहसंबंधावरून ठरवा, ०.३च्या आसपास. २.८ला मुक्त आर-मूल्य (परिष्करणात न वापरलेल्या माहितीशी मॉडेलचा फरक) २५ ते २८ टक्क्यांत आलं आणि कार्यकारी मूल्यापासून अंतर ३ ते ६ टक्के राहिलं तर ठीक. लहान प्रथिनाचे सरासरी बी-घटक (अणू किती हलतात याचं माप) रिसेप्टरच्या दुप्पट निघाले तर थांबा: एक तर ते सगळ्या प्रतींत नाही, किंवा चुकीचं बसलंय, किंवा खरोखरच सैल आहे; आणि या तिन्हींचे अर्थ वेगळे. साखरांची तपासणी प्रायव्हेटीर या प्रोग्रामने करा. ताणामुळे खुर्चीऐवजी नावेच्या आकाराची झालेली एन-असिटिलग्लुकोसअमीन ही जवळजवळ नेहमी मॉडेल बनवणाऱ्याची चूक असते, निसर्गाची नाही.

आंतरपृष्ठाविषयी किती बोलावं? २.८ला साइड चेनची स्थिती तीन-चार दशांश आंगस्ट्रॉम इकडे-तिकडे असते. म्हणून '३.४ आंगस्ट्रॉमचा हायड्रोजन बंध' हे वाक्य लिहू नका. 'हायड्रोजन बंध शक्य आहे' इतपत चालेल. ग्लुटामीन, अॅस्परॅजीन आणि हिस्टिडीनच्या टोकाची कोणती बाजू कुठे, हे नकाशा सांगत नाही, तुम्ही शेजाऱ्यांवरून ठरवलेलं असतं. पाण्याचे रेणू तर सोडाच. आणि नेमकी इथेच एक फसवी तुलना होते. नैसर्गिक आयएल-२ आणि बीटाचं आंतरपृष्ठ ध्रुवीय आहे, आणि २.३ आंगस्ट्रॉमच्या रचनेत पाण्याने जोडलेले बंध तिथे दिसतात. तुमच्या २.८च्या रचनेत पाणी दिसत नाही म्हणून 'डिझाइनने पाणी हटवलं, म्हणून बंध घट्ट झाला' असं लिहायचा मोह होईल. त्या रेझोल्यूशनला पाणी असतं तरी दिसलं नसतं.

झाकलेल्या क्षेत्रफळाचा आकडा देताना तो दोन्ही बाजूंची बेरीज आहे की एका बाजूचा, हे लिहा. पीसा हा प्रोग्राम एका बाजूचा देतो, काही जण बेरीज देतात, आणि दुप्पट मोठं आंतरपृष्ठ असल्याचा गैरसमज त्यातून होतो. संपर्कांची यादी म्हणजे महत्त्वाच्या जागांची यादी नव्हे, हे याच कुळातल्या मानवी वाढसंप्रेरकाच्या रिसेप्टरने फार आधी शिकवलं. १९९२च्या रचनेत संप्रेरकाला टेकणाऱ्या तीसेक साइड चेन दिसत होत्या. १९९५मध्ये एकेक बदलून मोजल्यावर कळलं की १०४ आणि १६९ या जागांवरची दोन ट्रिप्टोफॅनच बंधाच्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून मोठा वाटा उचलतात. तुमच्या आंतरपृष्ठातल्या आठ-दहा जागा अॅलनीन करून एसपीआरवर (पृष्ठभागावरचा बंध प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. नैसर्गिक आयएल-२मधल्या २०व्या अस्पार्टेटची आणि ८८व्या अॅस्परॅजीनची बीटाकडची कामगिरी, आणि १२६व्या ग्लुटामीनची गॅमाकडची, तुमच्या डिझाइनमध्ये कोणती जागा करते, हे त्यातून कळेल. सोबत गाभ्यातल्या दोन-तीन जागाही बदला, जिथे रिसेप्टर पोचतच नाही. तिथल्या बदलाने बंध ढिला झाला तर कथा सुपर-२सारखी आहे. मग वितळण्याचं तापमान मोजा, आणि मोकळ्या प्रथिनाची रचना कॉम्प्लेक्सवर ठेवून हेलिक्स किती सरकली ते पाहा.

रिसेप्टर कोणत्या प्राण्याचा आहे, ते शीर्षकातच लिहा. निओ-२/१५ची तिघांची रचना उंदराच्या बीटा-गॅमा साखळ्यांसह सोडवलेली आहे, तरी ती मानवी रिसेप्टरची असल्यासारखी सर्रास उद्धृत होते. मानवी साखळ्यांनी स्फटिक दिले नाहीत तर उंदराच्या वापरायला काहीच हरकत नाही, उलट तो चांगला मार्ग आहे. मात्र दोन्ही क्रम शेजारी लावून आंतरपृष्ठातल्या कोणत्या जागा वेगळ्या आहेत ते तक्त्यात दाखवा, आणि त्या जागांबद्दल जे म्हणाल ते मानवी रिसेप्टरवर बंध मोजूनच म्हणा.

सध्याच्या २.८वर काय करावं, तर हा क्रम लावून पाहा: जेलवर साखरेची कापणी पूर्ण आहे का, शेपट्या छाटल्या आहेत का, आहे त्याच स्फटिकाचं बीज १:१०० ते १:१००० पातळ करून नव्या बॅचवर टाकलंय का, गोठवण्याआधी थेंब दोन-तीन दिवस थोड्या अधिक तीव्र द्रावणासमोर ठेवून सुकवून पाहिलाय का. चारही झालं आणि आकडा हलला नाही, तर बीटाच्या दूरच्या बाजूला बसणारं एखादं नॅनोबॉडी (छोटं प्रतिपिंड) किंवा फॅब (प्रतिपिंडाचा तुकडा) शोधा. फॅब जोडलं की ६५ किलोडाल्टनचा ऐवज शंभरच्या पुढे जातो आणि क्रायो-ईएमचंही (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाचंही) दार उघडतं. फक्त ते फॅब तुमच्या प्रथिनाच्या जागेला आड येत नाही, हे आधी एसपीआरवर तपासा: रिसेप्टर पृष्ठभागावर, त्यावर फॅब संपृक्त होईपर्यंत, मग तुमचं प्रथिन. दुसरी पायरी पहिल्याइतकीच उंच चढली पाहिजे असं नाही, रेणू लहान आहे. ११ किलोडाल्टनला जितकी चढायला हवी तितकी चढली की पुरे.